नेम बायकोचा, कान माझा

माझ्या बायकोने बंदूक चालवायला सुरुवात केल्यापासून आमच्या घरात एकच माणूस जखमी झाला आहे, आणि तो मी आहे. गोळी कुणाला लागलेली नाही. बंदुकीचा यात काडीचाही दोष नाही. जे झालं ते कान आणि डोळे सांभाळायच्या सामानामुळे झालं, आणि ते सामान निवडलं होतं मी.

मी निवृत्त शिक्षक. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यातला 'ध्वनी' हा धडा तर इतक्या वेळा शिकवला, की झोपेतसुद्धा मी कंपनसंख्या बडबडत असे (असं रेखा म्हणते. मी झोपेत असल्यामुळे माझ्याकडे पुरावा नाही). रेखा माझी पत्नी. गेल्या वर्षी ती बँकेतून निवृत्त झाली. निवृत्तीनंतर माणसं योगासनं करतात, भजनी मंडळात जातात, गच्चीवर कुंड्या मांडतात. रेखा आपल्या बहिणीच्या मुलीबरोबर, मुग्धाबरोबर, सहज म्हणून रायफल क्लब बघायला गेली आणि पहिल्याच दिवशी पाचपैकी चार गोळ्या तिने काळ्या गोलात घातल्या! तिथले प्रशिक्षक चाट पडले.

"मॅडम, आधी कुठे शिकलात?"

"कुठे नाही हो. तीस वर्षं तांदळातले खडे वेचलेत."

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस ती इंदिरानगरहून रिक्षाने क्लबला जाऊ लागली. परत यायची ती गुणगुणत. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला गुणगुणताना क्वचितच ऐकलं होतं. मग दसऱ्यानंतरच्या रविवारी क्लबात पन्नाशीपुढच्यांचा सामना ठरला. पहिल्या तिघांना क्लबतर्फे पुण्याच्या मोठ्या सामन्याला नेणार होते. रेखाने ही बातमी मला पोळी लाटता लाटता सांगितली, अगदी साध्या आवाजात. पण लाटणं मध्येच थांबलं होतं, त्यावरून तिला पुण्याला जायचंय हे मला कळलं. स्वतःसाठी काही मागायची तिला सवयच नाही.

"मला फक्त दोन वस्तू लागतील," ती म्हणाली. "कानाला लावायचे मफ आणि माझ्या चष्म्यावरून घालता येईल असा दुसरा चष्मा. त्याशिवाय तिथे कुणालाच उभं राहू देत नाहीत, बघणाऱ्यांनासुद्धा. क्लबचे मफ आहेत, पण त्यांना दहा जणांच्या डोक्याचं तेल लागलंय. मी आणि मुग्धा जाऊन घेऊन येतो. तुम्ही यात पडू नका."

"अगं, यात शास्त्र आहे!"

"असू दे."

"आवाज जेव्हा वाढतो, तेव्हा तो सरळ प्रमाणात..."

"अहो, माझं एकदा तरी ऐकाल का?"

"ऐकतोय की!" मी म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच निघालो.

दुकानात जायच्या आधी घरात काय आहे ते बघावं, हा आमचा खाक्या. घरात नसेल तर नातेवाइकांकडे बघावं. रेखाचा धाकटा भाऊ संपत दिंडोरीला द्राक्षबाग करतो. त्याला फोन लावला.

"दाजी, इकत कशाला आणताय?" संपत ओरडला. (तो बागेत ट्रॅक्टरवरूनच फोन घेतो.) "आपल्याकडं हाय की सगळं! फवारणीचा गॉगल हाय, ब्लोअर चालवताना कानाला लावायचे डबे हाय. घेऊन जा. ताईसाठी जीव देऊ, डब्यांचं काय घेऊन बसलात!"

मी दिंडोरीला जाऊन दोन्ही घेऊन आलो. गॉगल भक्कम होता. कडेला रबर, मागे इलास्टिकचा पट्टा, आणि काचेवर अनेक हंगामांच्या मोरचुदाची निळसर झाक. कानाच्या डब्यांना गंधकाचा वास होता. मी दोन्ही चढवून घरात शिरलो आणि रेखाला म्हणालो, "बघ!" ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मिनिटभरात श्वासाने काच आतून धुरकट झाली, तेव्हा तीही दिसेनाशी झाली. मग मी ज्याच्यावर आपटलो ते कपाट होतं.

रेखाने माझ्या कानावरचा एक डबा उचलला. "मला नेम धरायचाय. द्राक्षांवर औषध नाही मारायचं."

गॉगल मी स्कूटरच्या डिकीत टाकला, दिंडोरीला कधी गेलो तर परत देऊ म्हणून. तो तिथेच राहिला. पुढे त्याचं फार काम पडलं.

मग मी अंबडला गेलो. तिथे कारखान्यांना हेल्मेट, हातमोजे वगैरे पुरवणारं एक दुकान आहे. मालक काउंटरवर एकटेच बसले होते, दुपारच्या जेवणानंतरच्या चेहऱ्याने.

"काय पाहिजे, साहेब?"

"कानाचे मफ."

"कशासाठी? प्रेस शॉप? ग्राइंडिंग?"

"पत्नीसाठी."

त्यांनी माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. "मग सगळ्यात जाड दाखवतो. तुम्हालाच ना?"

मी गैरसमज दूर केला. त्यासाठी मला ध्वनीचा धडा सुरुवातीपासून घ्यावा लागला. डेसिबल म्हणजे काय, दहाने वाढला तर तीव्रता किती पट होते, कानाच्या पडद्यामागे कोणती तीन हाडं असतात... मालकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी मी म्हणालो, "आपण प्रयोग करू. मी मफ लावतो, तुम्ही आवाज करा." त्यांनी पान्याने एका हेल्मेटवर ठोकायला सुरुवात केली.

"वाजवा ना!" मी म्हणालो.

त्यांचे ओठ हलले. पाना वरखाली होत होता.

"अहो, जोरात वाजवा! लाजू नका!!"

शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातले दोघं धावत आले, तेव्हा मी मफ काढले आणि कळलं की सगळ्या गल्लीत फक्त मलाच शांतता होती. प्रयोग यशस्वी! मी तेच सर्वात जाड मफ घेतले. डोळ्यांसाठी काळ्या काचेचा चष्मा घेतला. मालक म्हणाले, "साहेब, रेंज छपराखाली असेल तर काळी काच कशाला?" मी म्हणालो, "तुम्ही द्या हो." मफ सीलबंद पिशवीतून निघाले की परत घेत नाहीत, असंही ते काहीतरी म्हणाले.

घरी रेखाने फरशी पुसायचा दांडा खांद्याला लावला, बंदुकीसारखा, आणि गाल त्यावर टेकवला. तसा उजव्या कानावरचा डबा दांड्याला अडून खटकन वर उचलला गेला.

"बघा. गाल टेकला की डबा उघडा. आवाज सगळा आत."

"मग गाल टेकू नकोस."

 तिने दांड्यावरूनच माझ्याकडे पाहिलं. दांडा अजून खांद्यालाच होता, म्हणून मीही जास्त ताणलं नाही.

"आणि काळ्या गोलावर नेम धरायला काळा चष्मा? शिवाय याच्या काड्या बोटभर जाड. डबा कानाला चिकटणार कसा? फटीतून आवाज येणारच." मग एक सुस्कारा. "मुग्धाला जाऊ द्या ना. तिला माहितीये."

मुग्धाने मला फोनवर समजावलं, आपण पहिलीच्या पोराला समजावतो तसं. "काका, पातळ कपचे मफ. स्वच्छ काचेचा चष्मा, बारीक काड्यांचा, मावशीच्या चष्म्यावर बसेल असा. आणि कानात घालायला फोमचे बोळे. लिहून घ्या. लिहिलंत? वाचून दाखवा." मी वाचून दाखवलं.

अंबडच्या मालकांनी मला लांबूनच ओळखलं.

"मॅडमना आणलंत का?"

"नाही."

"मग उद्या या ना, साहेब."

पण चिठ्ठी दाखवल्यावर त्यांचा चेहरा उजळला. दोन मिनिटांत सगळं काउंटरवर! चिठ्ठीवरचं अक्षर माझं असलं तरी मजकूर माझा नाही, हे त्यांना न सांगताच कळलं असावं. जाड मफ आणि काळा चष्मा माझ्याच गळ्यात राहिले. म्हटलं, बघायला जाताना मला होतील.

रेखाने नवं सामान घालून आठ दिवस सराव केला. "बरंय हो हे," असं दोनदा म्हणाली. मी आणलेल्या वस्तूला ती बरं म्हणाली, हेच मला खरं वाटेना. इथे थांबलो असतो, तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण मध्ये दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, माझी जुनी लाल शाईची पेनं. रेखा श्रीखंडात गुंतली होती, म्हणून पूजा मी मांडली. बंदूक क्लबातच असते, ती घरी आणता येत नाही. मग मफ आणि चष्मा पाटावर मांडला. फोमच्या बोळ्यांची डबीही उघडून ठेवली. कुंकू कोरडं टिकत नाही म्हणून तिळाच्या तेलात कालवलं, आणि चष्म्याच्या उजव्या काचेवर, जिथून ती नेम धरते बरोबर तिथे, ठसठशीत बोट लावलं! डाव्या काचेला वाईट वाटू नये म्हणून तिलाही लावलं, आणि बोळ्यांनाही. अक्षता वाहिल्या, झेंडूची माळ घातली, आणि मनातल्या मनात म्हणालो, देवा, हिला पुण्याला जाऊ दे. ही प्रार्थना अगदी मनापासून होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, रेखा भाजी आणायला गेली असताना मी पूजा उचलली. चष्मा उपरण्याने पुसला. कुंकू गेलं नाही, पसरलं. काचेतून सारं इंदिरानगर गुलाबी दिसू लागलं. साबण लावला. थोडं गेलं. आणि मग एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाने भांडी घासायची पावडर घेतली, काथ्या घेतला आणि चष्मा लख्ख घासला.

कुंकू पूर्ण गेलं. काचही गेली. म्हणजे होती जागेवर, पण दुधी झाली, बाथरूमच्या खिडकीला असते तशी. अंबडच्या दुकानाला शनिवारी सुट्टी. मी चष्मा त्याच्या डबीत ठेवला, झाकण लावलं आणि रेखा परत आल्यावर पिशवी हातातून घेतली. "आज एवढी मदत?" तिने विचारलं. मी म्हणालो, "का, करू नये का?" रात्रभर मला झोप लागली नाही.

रविवारी क्लबात रेखाने चष्म्याची डबी उघडली. चष्मा उजेडासमोर धरला. मग माझ्याकडे पाहिलं. तिने काही विचारायच्या आतच मी म्हणालो, "माल खराब निघाला! उद्याच जाऊन त्या दुकानदाराला जाब विचारतो!"

तिचा चेहरा एवढासा झाला. क्लबचे चष्मे तिच्या नंबरच्या चष्म्यावर बसेनात, आणि नंबरचा चष्मा काढला तर तिला समोरची भिंतसुद्धा दिसत नाही. प्रशिक्षक म्हणाले, "डोळ्यांवर काही नसेल तर मला उभं करता येणार नाही, मॅडम. नियम आहे." रेखाने मान डोलावली. वाद घातला नाही. मफ काढून पिशवीत ठेवायला लागली. मला त्या क्षणी फार लाज वाटली, आणि मी धावत पार्किंगमध्ये गेलो.

होय. फवारणीचा गॉगल! तो चष्म्यावर बसत होता. प्रशिक्षकांनी तो उलटसुलट पाहिला, टिचकी मारली, हुंगला आणि म्हणाले, "चालेल." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"सर? ओळखलंत का? मी भालेराव. आठवी ब."

मी ओळखलं. चेहऱ्यावरून नाही, कानांवरून. ते मी वर्षभर पिळले होते.

"सर, आतल्या बाजूला बसताय, तर मफच्या आत बोळेही घाला. आवाज फार घुमतो." पूजेतली डबी माझ्या खिशात होती. तेलकट लाल बोळे रेखाने कानात घालायला साफ नकार दिला होता, म्हणून ते मी ठेवून घेतले होते. काळा चष्मा डोळ्यांवर ठेवूनच मी एक बोळा दोन बोटांत वळला आणि कानात कोंबू लागलो.

"असं नाही, सर. कान वर ओढावा लागतो. मी धरू का?"

आणि भालेरावने माझा कान धरला. शास्त्रशुद्ध धरला, वर ओढला, बोळा आत फुगेपर्यंत सोडला नाही. "तीस आकडे मोजायचे असतात, सर," तो अत्यंत आदराने म्हणाला, आणि सावकाश मोजू लागला. मला वाटतं, सतरा त्याने दोनदा म्हटला. मग दुसरा कान. रांगेतली माणसं बघत होती. मुग्धाने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं, पण तिचे खांदे हलत होते.

सामना सुरू झाला. कानात बोळे, वर जाड डबे, डोळ्यांना काळी काच. मला काहीही ऐकू येत नव्हतं आणि जेमतेम दिसत होतं. एवढं दिसलं की रेखा दर दोन गोळ्यांनी थांबतेय, गॉगल उचलून रुमालाने पुसतेय. श्वासाने काच धुरकट होत होती. पाच-पाच गोळ्यांच्या चार फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्या अशाच पुसण्यात गेल्या, आणि तिसऱ्या फेरीनंतर ती सहावी होती. मुग्धाने बोटांनी सहा दाखवले.  बत्तीस वर्षांत तिने एक गोष्ट मागितली होती.

मन हलकं करावं म्हणून मी मुग्धाच्या कानाशी वाकलो आणि हळूच कुजबुजलो.

आता, कान बंद असले की माणसाला स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. हे शास्त्र मी स्वतः शिकवलेलं आहे. शिवाय फेरी संपली की सगळे मफ डोक्यावर सरकवतात, हे मला माहीत नव्हतं. त्यामुळे त्या निःशब्द हॉलमध्ये, मागाहून मला कळलं त्याप्रमाणे, माझी कुजबुज अशी घुमली:

"अगं, माल चांगला होता! कुंकू निघेना, म्हणून मीच भांड्याच्या पावडरने घासला! मावशीला सांगू नकोस!!"

सगळी डोकी माझ्याकडे वळलेली दिसली. कुणी ओळखीचं असेल म्हणून मी हात हलवला. मुग्धाने माझ्या कानावरचा डबा उचलला आणि तोंड अगदी जवळ आणून ओरडली, "काका, मावशीला कळलं. पार्किंगलाही कळलं."

रेखा वळली नाही. पाठमोरी उभी राहून तिने गॉगल काढला, सावकाश पुसला, परत घातला. बंदूक खांद्याला लावली. मग तिने श्वास धरला. शेवटच्या पाच गोळ्या ती एका श्वासात मारल्यासारखी मारत गेली, मध्ये एकदाही गॉगल न उचलता. भालेराव कागद घेऊन आला तेव्हा पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील एवढी जवळ होती!

ती चौथी आली. एका गुणाने.

"मॅडम, पहिल्या तीन फेऱ्यांत नीट दिसलं असतं ना..." भालेराव म्हणाला आणि माझ्याकडे बघून थांबला. मीही आठवी बला असंच अर्ध्यावर सोडून बघत असे.

घरी येताना स्कूटरवर मी तीनदा सॉरी म्हणालो. "राहू द्या," ती म्हणाली, एवढंच. तिने रागवायला हवं होतं. राग मला सवयीचा आहे, हे "राहू द्या" मला सोसेना.

रात्री जेवताना माझ्या उजव्या कानात कुरकुर सुरू झाली. बोळे मी काढून टाकले होते, पण आत काहीतरी टोचत होतं आणि सगळे आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखे येत होते. सोमवारी रेखाच मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दिवा लावला, आत डोकावले, पुन्हा डोकावले, आणि चिमट्याने काहीतरी बाहेर काढून पांढऱ्या कापसावर ठेवलं.

कुंकवात माखलेला तांदळाचा एक दाणा! पूजेत बोळ्याला चिकटलेला. काळ्या चष्म्यातून मला तो दिसला नाही, मी बोळा तसाच वळला, आणि भालेरावने तीस आकडे मोजून आत बसवला.

डॉक्टर चक्रावले. "काका, कानात अक्षता? ही कधी गेली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेखा पुढे वाकली. तांदूळ वेचायची तिची नजर त्या दाण्यावर खिळली होती. दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

"आमच्या लग्नातली असणार, डॉक्टर. बत्तीस वर्षं मी बोललेलं आत का जात नव्हतं, ते आज कळलं."

डॉक्टर हसले, मग तीही हसली, इतकी हसली की डोळे पुसायला तिने माझाच रुमाल घेतला. पुढचा सामना मार्चमध्ये आहे आणि सामान मुग्धा आणणार आहे, हे तिने मला तिथेच, डॉक्टरांना साक्षीला ठेवून सांगितलं. मी "बरं" म्हणालो. नुसतंच बरं.

"आता आलोच आहोत," रेखा उठता उठता म्हणाली, "तर दुसराही कान बघून घ्या."

डॉक्टरांनी दुसरा कान बराच वेळ तपासला. तो अगदी स्वच्छ निघाला, त्यात कधी काही अडकलंच नव्हतं. त्यामुळे बत्तीस वर्षं तो कान नेमकं काय करत होता, याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.